सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी इमर्जन्सी किट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत एवढी तयारी लागते का? गाव तर डोळ्यांसमोर दिसत असतं.

गाव दिसतं, तिथेच फसगत होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर उभं राहिलं की बेलपाडा हे गाव पायाखाली दिसतं, पण मधे सरळ कडा आहे आणि खाली पोचायला नळीच्या वाटेचे मोठमोठे धोंडे उतरत बसावं लागतं. सह्याद्रीत कुणी आठवडाभर हरवून कंदमुळं खात नाही. इथल्या अडचणी ठरलेल्या आहेत. उतरताना सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) चुकते आणि ढोरवाटेने माणूस कड्याच्या टोकाशी येऊन थांबतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि पाच जणांत टॉर्च एकच निघते. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बारालाच पाणी संपतं. घोटा मुरगळतो. सकाळी पायाला लागलेला ओढा संध्याकाळी कमरेच्या वर जातो. आणि चुलीच्या धुराने आग्यामोहोळ उठतं.

यातल्या बहुतेक प्रसंगांत प्रश्न एका रात्रीचा असतो, फार तर दीड दिवसाचा. किट त्या एका रात्रीसाठी भरायचं. मासे धरायचा गळ, सशाच्या फासाची तार, होकायंत्र बसवलेलं ब्रेसलेट हे सगळं घरी राहू द्या. कुठलीही वस्तू पिशवीत टाकण्याआधी एकच कसोटी लावा: अंधारात, ओल्या आणि थरथरत्या हातांनी ती वापरता येईल का?

मग पिशवीत नेमकं काय काय असावं?

माणशी यादी अशी:

- हेडटॉर्च आणि सेलचा एक जादा संच
- प्लास्टिकची, आत गोळी नसलेली शिट्टी
- माणूस आत मावेल एवढी जाड प्लास्टिकची पिशवी
- चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट (सुमारे 50 ते 60 ग्रॅम)
- दोन साधे लायटर, कापराच्या वड्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या
- पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या 10 गोळ्या
- ओआरएसच्या एक लिटरच्या 4 पुड्या
- दोनतीन इंच पात्याचा चाकू
- 4 मिलिमीटर जाडीची 10 मीटर दोरी
- प्रथमोपचाराची छोटी पिशवी
- न शिजवता खाता येईल असं 300 ग्रॅम खाणं
- पेन्सिलीचा तुकडा, दोन कागद, सुट्या नोटांचे पाचशे रुपये

पाणी सोडून हे सव्वा ते दीड किलोत बसतं. याहून जड झालं तर काहीतरी फालतू शिरलंय असं समजा. पॉवर बँक आणि जादा बँडेज गटात वाटून घेतलं तरी चालतं. टॉर्च, शिट्टी, प्लास्टिक आणि पाणी मात्र ज्याचं त्याच्याकडे. गट फुटतो तेव्हा ‘टॉर्च त्याच्या सॅकमध्ये आहे’ या वाक्याचा काही उपयोग नसतो.

हे सगळं सॅकमध्येच ठेवायचं ना?

सगळं नाही. ‘माथा जवळ आलाय, सॅक इथेच ठेवू, वर जाऊन येऊ’ हे वाक्य प्रत्येक ट्रेकमध्ये कुणीतरी म्हणतंच. वाट चुकते ती नेमकी अशा रिकाम्या हातांनी गेलेल्या अर्ध्या तासात. शिट्टी गळ्यात, लायटर आणि टॉर्च पँटच्या चेनच्या खिशात, मोबाईल दुसऱ्या खिशात. एवढं अंगावर असलं की सॅक दरीत गेली तरी रात्र निघते.

पाणी किती न्यायचं?

पावसाळ्यात आणि थंडीत दिवसाच्या ट्रेकला माणशी 3 लिटर. मार्च ते मे आणि ऑक्टोबरात 4 ते 5 लिटर, कोकणातून घाट चढणार असाल तर 5 च. कोकणच्या पायथ्याला हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पुण्याच्या बाजूने त्याच गडावर चढताना जेवढं पाणी पुरतं, तेवढं इथे पुरणार नाही.

त्यातलं अर्धा लिटर वेगळ्या बाटलीत, सॅकच्या तळाशी. गाडीपाशी परत येईपर्यंत ती बाटली उघडायची नाही.

टाक्याचं किंवा ओढ्याचं पाणी प्यायलायक कसं करायचं?

आधी गावात विचारा. बहुतेक गडांवर टाकी बरीच असतात, पिण्याची एकदोनच. कुठलं टाकं मार्चनंतर आटतं आणि कुठल्यात गुरं उतरतात, हे पायथ्याच्या वाडीत नेमकं ठाऊक असतं.

पाणी गढूळ असेल तर सुती पंचाची चार पदरी घडी करून गाळा. गाळल्याशिवाय क्लोरीन टाकू नका. क्लोरीन मातीशी आणि शेवाळाशी झगडण्यातच संपून जातं, जंतूंसाठी उरत नाही. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. पाणी नितळ दिसायला लागतं आणि माणूस निर्धास्तपणे पितो, हा तिचा तोटा.

गोळी टाकण्याआधी पाकीट वाचा. एक लिटरची गोळी वेगळी, वीस लिटरच्या हंड्याची वेगळी. औषधाच्या दुकानात दोन्ही मिळतात आणि आकारात फारसा फरक दिसत नाही. गोळी टाकून बाटली हलवा, बूच अर्धं सैल करा आणि बाटली उलटी धरून थोडं पाणी आट्यांमधून बाहेर येऊ द्या. तोंड लागतं ती जागा तीच, आणि तिथे कच्चं पाणी तसंच राहिलेलं असतं. मग बूच घट्ट करून अर्धा तास थांबा. पाणी फार गार असेल तर तासभर. लिंबू, ओआरएस, सरबताची पूड हे सगळं त्या अर्ध्या तासानंतर. आधी घातलं तर क्लोरीनची ताकद जाते.

उकळायची सोय असेल तर सर्वांत उत्तम. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवी उकळल्यावर मरतात. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. जास्त उंचीवर, साधारण 2000 मीटरच्या वर, तीन मिनिटं उकळायचं असतं. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटर आहे, तेव्हा तो प्रश्न इथे येत नाही.

ओआरएसऐवजी एनर्जी ड्रिंक किंवा नुसतं पाणी चालेल?

चार-पाच तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी ढोसलं तर पोटात डुचमळतं, पायात गोळे येतात आणि मळमळ थांबत नाही. मीठ गेलेलं असतं, ते भरून काढायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी 20.5 ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकू नका. मीठ आणि ग्लुकोज पुडीत सारखं मिसळलेलं असेलच असं नाही. पाकिटावर 200 मिलि लिहिलेलं असेल तर ती छोटी पुडी, तेवढ्याच पाण्यासाठी. फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएसच्या शेजारी मांडलेले असतात, त्यांत साखर जास्त आणि मीठ नावाला.

पुडी संपली तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. चहाचा चमचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरून निपटलेला. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी नुकसान होतं. चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

मोबाईलची टॉर्च पुरत नाही का?

नाही. कातळटप्पा उतरायला दोन्ही हात मोकळे लागतात आणि मदत मागायला त्याच मोबाईलची बॅटरी लागते. हेडटॉर्च घ्या, साध्या पेन्सिल सेलवर चालणारी. चार्जिंगची टॉर्च हलकी आणि चांगली असते, पण ऐन वेळी चार्ज करायची राहिलेली असते. पेन्सिल सेल पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात.

टॉर्च सॅकमध्ये आपोआप चालू होते, बटण दाबलं जातं आणि संध्याकाळी काढावी तर मेलेली. यावर उपाय म्हणजे सेल आणि पत्र्याच्या मधे कागदाची पट्टी सरकवून ठेवायची. वापरताना पट्टी ओढली की झालं. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. जुना आधी संपतो, पाझरतो आणि टॉर्चचे पत्रे खराब करतो. जादा सेल चिकटपट्टीने एकत्र बांधून ठेवा, सुटे ठेवले तर अंधारात त्यातला एक नेमका दगडांत घरंगळतो.

आग पेटवायला काय न्यावं?

आधी हे ठरवा की आग पेटवायची परवानगी आहे का. हरिश्चंद्रगड, रतनगड हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वासोटा कोयनेच्या अभयारण्यात. अभयारण्यात आग लावायला कायद्याने मनाई आहे. जानेवारीनंतर सगळ्या पठारांवर गवत वाळून कडकडीत झालेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. तेव्हा आगीवर भिस्त ठेवून किट भरू नका. कपडे आणि प्लास्टिक यांच्या जिवावर रात्र निघाली पाहिजे. आग हा जीव धोक्यात आला तरचा शेवटचा मार्ग.

तरीही सामान असावं, आणि पावसाळ्यात पेटणारं असावं. माचिस विसरा, दमट हवेत काडीचा गुल खरवडून निघतो. साधा गॅस लायटर भिजला तर जोरात फुंकर मारा, चाक कोरड्या कापडावर पाचसहा वेळा घासा, बहुतेक वेळा ठिणगी येते. लायटरचं बटण सॅकमध्ये दाबलं जाऊन गॅस निघून जातो, म्हणून त्याखाली रबरबँड अडकवा. दोन लायटर न्यायचे ते यासाठीच.

लायटरच्या ज्योतीने ओलं लाकूड पेटत नाही, मधे काहीतरी लागतं. देवघरातला कापूर इथे कामाला येतो. ओल्या जागेतही तो पेटतो, फक्त उघडा राहिला तर उडून जातो. गेल्या वर्षीच्या डबीत वडीऐवजी नुसता वास उरलेला असतो. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि दर मोसमाला बदला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या भिजल्या तरी पेटतात, काळा धूर सोडत चांगली काही मिनिटं जळतात. व्हॅसलीनमध्ये मळलेले कापसाचे गोळेही तसेच. दुकानात मिळणारी चकमकीची कांडी दिसायला झकास, पण जुलैच्या धुक्यात ओल्या सरपणावर तिच्याने काही होत नाही.

उघड्यावर रात्र काढायची वेळ आली तर?

तापमान 18–20 अंश असेल, पण अंग भिजलेलं आणि कड्यावर भणाणता वारा असेल तर माणूस गारठून बडबडायला लागतो. सह्याद्रीत कुणी थंडीने आजारी पडत नाही हा समज पावसाळ्यात महागात पडतो. जीन्स आणि सुती टीशर्ट पाणी धरून ठेवतात आणि रात्रभर अंगातली ऊब शोषत राहतात. डोंगरातला गुराखी घोंगडी घेऊन फिरतो, कारण लोकर भिजली तरी काही प्रमाणात ऊब देते. तुम्ही घोंगडी नेणार नाही हे खरं, पण एक जादा टीशर्ट, मोजे आणि कानटोपी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून न्या. त्या पिशव्या रात्री थांबायची जागा ठरेपर्यंत उघडायच्या नाहीत.

चंदेरी ब्लँकेटबद्दल फार गैरसमज आहेत. ते अंगाची उष्णता परत फेकतं, पण खालच्या कातळात जाणारी उष्णता अडवत नाही. गारठा बहुतेक खालूनच येतो. म्हणून आधी बैठक करा: वाळलेलं गवत, पालापाचोळा, रिकामी सॅक, दोरीचं वेटोळं, जे मिळेल ते, दाबल्यावर निदान वीतभर जाड. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, मग सॅकवर बसा आणि पाय सॅकच्या आत घाला. आडवं पडू नका. उकिडवं बसलं की कमी अंग जमिनीला टेकतं.

वाऱ्यात हे ब्लँकेट फडफडून एका खाचेपासून टरकन फाटत जातं. म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी. पावसाळा आला की तालुक्याच्या बाजारात मीटरवर जाड प्लास्टिक मिळतं. साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद पिशवी होईल असं शिवून किंवा चिकटवून घ्या. बंद टोकाच्या एका कोपऱ्यात चेहऱ्याएवढं भोक पाडा आणि डोक्यावरून ओढून घ्या. तोंड बाहेर राहिलंच पाहिजे, आतल्या श्वासाने कपडे ओले होतात आणि जीवही गुदमरतो. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या स्वस्त असतात, पण करवंदीच्या जाळीतून एकदा गेल्या की चिंध्या.

वाट चुकली हे कळल्यावर आधी काय काढायचं?

आधी बसायचं. दहा मिनिटं. पाणी प्या, दोन चिक्क्या खा. ‘चकवा लागला’ म्हणतात तेव्हा माणूस घाबरून भराभर चालत असतो आणि त्याच जागी फिरत राहतो.

मग एक नियम पाळायचा. परदेशी व्हिडिओंत ‘ओढा धरून खाली उतरा, गाव लागेल’ असं सांगतात. सह्याद्रीत हा सल्ला जीवघेणा आहे. हे डोंगर बेसॉल्टच्या आडव्या थरांचे आहेत, कठीण थर आला की तिथे ताठ कडा तयार होतो. ओढा त्या प्रत्येक कड्यावरून खाली उडी मारतो. पावसाळ्यात तो धबधबा असतो, उन्हाळ्यात कोरडी घळ. तुम्ही चार टप्पे घसरत उतरता आणि पाचवा उतरता येत नाही, मागे चौथा चढताही येत नाही. अडकलेले बरेच लोक अशाच घळीत सापडतात. वर जा, धारेवर जा. वाट दिसते, मोबाईलला रेंज मिळते, शिट्टी लांब जाते.

सूर्यास्ताला तास उरला असेल आणि वाट सापडली नसेल तर शोध थांबवा आणि उजेड आहे तोवर वारा अडवणारी जागा बघा.

शिट्टी कशी वाजवायची?

मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून ऐकायचं, पुन्हा सहा. कुणी उत्तर देत असेल तर ते तीन वेळा वाजवेल. रात्री टॉर्चचेही सहा झोत तसेच. शाळेतल्या पीटीच्या शिट्टीत गोळी असते, ती ओली झाली की अडकते. सॅकच्या पट्ट्यावरच्या बकलमध्ये शिट्टी असते ती कामचलाऊ, धबधब्याच्या आवाजात ऐकू जात नाही. ओरडून ओरडून घसा तासाभरात बसतो. शिट्टीला काही होत नाही.

मोबाईलची रेंज नसेल तर तो निरुपयोगी?

112 हा क्रमांक लावून पाहा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर तो लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवा, क्षणभर रेंज आली तरी तो निघून जातो. मजकूर एकाच वेळी पूर्ण लिहा: किती जण, कुणाला काय झालंय, कुठे आहात, बॅटरी किती, पुढचा कॉल किती वाजता.

ठिकाण अक्षांश-रेखांशात द्या आणि दशांश चिन्हापुढे पाच आकडे द्या. दोनच आकडे दिले (उदाहरणार्थ 19.39, 73.78) तर किलोमीटरभर इकडचं तिकडे होतं, आणि सह्याद्रीत एका किलोमीटरमध्ये कड्याचा माथा आणि पायथा दोन्ही येतात. ‘वर आहोत की खाली’ हेही लिहा. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नकाशा आधीच उतरवून ठेवलेला हवा.

रेंज शोधण्यात बॅटरी भसाभसा जाते. चालताना फ्लाइट मोड ठेवा. 10,000 एमएएचची पॉवर बँक कागदावर 5,000 ची बॅटरी दोनदा भरते, प्रत्यक्षात सव्वा ते दीड वेळा. बाकीचं व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातं. केबल विसरू नका. पॉवर बँक घेऊन केबल घरी ठेवणारे कमी नाहीत.

डोंगरातल्या बचावकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, लोणावळ्याकडे शिवदुर्ग मित्र आहे. त्यांचे चालू क्रमांक निघण्याआधी मोबाईलमध्ये आणि कागदावरही लिहून घ्या.

परदेशातून येताना सॅटेलाइट मेसेंजर आणला तर?

आणू नका. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणि तशी संदेश पाठवणारी उपकरणं जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे. गोव्याच्या विमानतळांवर प्रवासी यावरून अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात हेच उपकरण किटचं पहिलं नाव असतं, त्यामुळे तिकडून सुट्टीला येणाऱ्यांच्या सॅकमध्ये ते सहज राहून जातं.

दोरी कुठली घ्यावी?

4 मिलिमीटरची दोरी ताडपत्री बांधायला, तुटलेला बूट आवळायला, मोडलेल्या हातापायाला काठीचा आधार बांधायला. माणसाचा भार तिच्यावर टाकायचा नाही. गावातून विकत घेतलेल्या नायलॉनच्या कपडे वाळत घालायच्या दोरीने कातळटप्पा उतरायचा मोह होतो. ती ताणली की लांबते, हात भाजतो, कडेच्या कपारीवर घासून तुटते. रॅपलिंगची (दोरीवरून कडा उतरायची) 10 मिलिमीटरची दोरी, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) आणि ते वापरता येणारा माणूस हे तिन्ही एकत्र असतील तरच न्या. ओढ्याला पूर आलेला असताना आडवी दोरी बांधून गट पार करण्याचा खटाटोप करू नका. पाऊस थांबला की डोंगरातला ओढा काही तासांत उतरतो, तोवर बसून राहा.

प्रथमोपचाराच्या पिशवीत काय?

10 सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज एक, त्रिकोणी पट्टी एक (ओढणी किंवा पंचा चालतो), निर्जंतुक गॉझ पाच, रुंद चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडिनची छोटी ट्यूब, पॅरासिटामोल 6, सेट्रिझिन 4, स्वतःची रोजची औषधं दोन दिवसांची. चिमटा. सेफ्टी पिना चार. एवढं पुरे.

आयोडिनची काचेची बाटली नको, फुटली की सगळी पिशवी तपकिरी होते. गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत भरू नका, ओल आणि गोंधळ दोन्ही होतं. वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन टाळा. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि साप चावलेला असेल तर रक्तस्राव वाढवू शकतात.

घोटा मुरगळला आणि अजून बराच उतार बाकी असेल तर बूट काढू नका. सूज चढली की तो परत पायात जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं गुंडाळा.

उन्हाने माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर पॅरासिटामोलचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाका आणि वारा घाला. पिण्याचं पाणी वाचवत बसू नका.

सापाच्या विषावरचं इंजेक्शन किटमध्ये ठेवता येतं का?

येत नाही आणि ठेवूही नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, पण सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. त्या औषधाचीच जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते, म्हणून दवाखानाच हवा.

किटमधून लागतं ते क्रेप बँडेज आणि काठ्या. चावलेला पाय मोडल्यासारखा काठ्यांना बांधून स्थिर करा, घट्ट आवळू नका. अंगठ्या, घड्याळ, जोडवी, पैंजण लगेच काढा, सुजल्यावर निघत नाहीत. वेळ कागदावर लिहा. आवळपट्टी, चिरा, चोखणं, बर्फ, मांत्रिक यातलं काहीही नाही. साप मारून नेण्याची गरज नाही, उपचार तोच आहे. माणसाला चालवू नका, उचलून न्या, आणि वाडीतल्या माणसाला विचारा की प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं. दुकानात मिळणारा विष ओढायचा पंप विष काढत नाही, जखम मात्र वाढवतो.

मधमाश्यांसाठी काही नेता येतं?

डोकं आणि मान झाकेल असा फिकट रंगाचा पंचा. बाकी काळजी आधीची: कड्याला लोंबणारी पोळी दिसली तर तिथे चूल नाही, सिगारेट नाही, अत्तर-डिओ नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून शक्य तितकं लांब निघा, पण कड्याकडे धावू नका. हात झटकू नका. लांब गेल्यावर काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा, चटकन काढणं महत्त्वाचं. सेट्रिझिन खाज कमी करतं. ओठ सुजणं, श्वास लागणं, चक्कर यावर ते पुरत नाही, अशा माणसाला लगेच दवाखान्यात न्या. पूर्वी अशी रिॲक्शन आलेली असेल तर ट्रेकआधी डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवा.

आणि जळवा?

नखाने बारीक टोक आधी सोडवा, मग जाड. मीठ किंवा तंबाखू चालते, पण दोन तास रक्त वाहतच राहतं, कारण जळू रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. घाबरू नका, पट्टी लावा.

खायला काय?

शेंगदाण्याची चिक्की, खजूर, फुटाणे, गूळ. चॉकलेट वितळतं, फरसाण तहान वाढवतं, मॅगीला पाणी आणि चूल दोन्ही लागतं. गडावरच्या माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज बरोबर ओळखता येतो, ती सॅकची चेनही उघडतात. इमर्जन्सीचं खाणं स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवा. आणि आवडतं खाणं त्यात ठेवू नका, परतीच्या एसटीपर्यंतही उरत नाही.

ऑनलाइन तयार किट मिळतं ते घेतलं तर?

डबा चांगला असतो, तो घ्या. आतली वायरची करवत तिसऱ्या झटक्याला तुटते, बटणाएवढं होकायंत्र सॅकमधल्या चाकूकडे तोंड करतं आणि टॉर्च रस्त्यावर चालायच्या लायकीची. त्यात हमखास नसतं ते म्हणजे ओआरएस, प्लास्टिकची पिशवी आणि तुमची औषधं.

रेल्वेने किंवा विमानाने जाताना?

चाकू विमानात चेक-इन सामानात, पॉवर बँक उलट हातातल्या सामानातच. लायटर दोन्हीकडे नको, उतरल्यावर विकत घ्या. गॅसचा कॅन रेल्वेतही चालत नाही.

मुलं बरोबर असतील तर?

मुलाच्या गळ्यात त्याची स्वतःची शिट्टी, आणि ‘हरवलास तर जिथे आहेस तिथेच झाडाला धरून बस आणि वाजव’ एवढीच सूचना. पिशवीत त्याच्यासाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी, भोक आधीच पाडलेलं. खिशात पालकांच्या नंबरची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. पेनची शाई भिजून पसरते.

किट किती दिवसांनी तपासायचं?

वर्षातून दोनदा, मे अखेर आणि सप्टेंबर अखेर. मेमध्ये कापूर, लायटर, प्लास्टिक. सप्टेंबरात ओआरएसच्या पुड्या दाबून पाहा, खडा झाला असेल तर ओल शिरली आहे, टाकून द्या. गोळ्यांच्या तारखा, सेलच्या टोकांवरचा पांढरा थर, चिकटपट्टीचा चिकटपणा. चंदेरी ब्लँकेट घडीवर फाटतं, दोन वर्षांनी नवं घ्या आणि जुनं एकदा घराच्या गच्चीवर रात्री उघडून, गुंडाळून बसून पाहा. पाकिटातून काढल्यावर ते परत त्या आकारात कधीच जात नाही, हे डोंगरात पहिल्यांदा कळायला नको.

निघताना अजून काही राहिलं का?

पायथ्याच्या घरात सांगून जा: किती जण, कुठल्या वाटेने वर, कुठल्या वाटेने खाली, किती वाजेपर्यंत परत. उतरलात की त्याच घरी जाऊन आलो म्हणून सांगा. नाहीतर रात्री अकराला वाडीतली माणसं कंदील घेऊन तुम्हाला शोधत डोंगर चढतील आणि तुम्ही घाटात मिसळ खात असाल.